सगळ्यांना पटलेल्या मताविरुद्ध लेख कसा लिहावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या साप्ताहिकाचं मतपान मी बरीच वर्षं सांभाळते आणि गावोगावच्या वाचनालयांत लेखनाचे वर्ग घेते. वर्ग संपल्यावर, फोनवर, कधी एसटीत शेजारी बसलेल्या वाचकाकडून तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सगळे एक म्हणतात आणि आपण दुसरं लिहायचं, हा विरोधासाठी विरोध नाही का?

कधी कधी असतोही. तो ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. ज्या मताविरुद्ध तुम्ही लिहिताय ते मानणारा एक माणूस शोधा आणि त्याची बाजू मांडणारा तुमच्या लेखातला परिच्छेद त्याला वाचून दाखवा. "हां, हेच म्हणायचंय मला," असं तो म्हणाला तर पुढे लिहा. "असं कोण म्हणतं?" असं म्हणाला तर तुम्ही बुजगावणं उभं करून त्याला दगड मारताय.

लोकांचं मत हवेतून येत नाही. मोहोर गळून गेलेली बाग, मुंबईहून परत न आलेला भाऊ, सातबाऱ्यावरून गायब झालेलं नाव, असं काहीतरी त्याच्या मागे असतं. तो अनुभव खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकू शकतो. तुमचा वाद निष्कर्षाशी आहे. अनुभवच खोटा ठरवायला गेलात की वाचक दुसऱ्या ओळीला पान उलटतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

२. बातमी आणि मतलेख यांत फरक काय?

बातमी काय झालं ते सांगते. मतलेख त्याचा अर्थ काय आणि पुढे काय व्हावं ते सांगतो. "मत माझं आहे, मग पुरावा कशाला?" हे मी वर्गात फार ऐकते. मत तुमचंच आहे, पण ते ज्या गोष्टींवर उभं आहे त्या सगळ्यांच्या आहेत, आणि त्या बातमीइतक्याच पक्क्या हव्यात.

३. आपल्या भागात अशा लेखनाची परंपरा आहे का? की हे पुण्यामुंबईचं?

आहे, आणि भक्कम आहे. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपाद शेषाद्री या मुलाला परत जातीत घ्यावं म्हणून ते उभे राहिले, तेव्हा स्वतःच्याच समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

पण तंत्र शिकायचं असेल तर महाडकडे बघा. चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्यांनी घ्यायचं नाही, ही महाडातल्या सवर्णांच्या दृष्टीने वादाचीच गोष्ट नव्हती, 'पूर्वापार' चालत आलेली होती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं कागदावर मान्य केलं होतं, तरी तळ्यावर काही बदललं नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर (मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव) तळ्यावर गेले आणि दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, त्यांचं 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झालं. आधी प्रत्यक्ष कृती, लगोलग तिची छापील मांडणी.

आता बारकाईने बघण्यासारखी गोष्ट. बाबासाहेबांच्या आधीच्या पाक्षिकाच्या, 'मूकनायक'च्या माथ्यावर भीड सोडून बोलण्याविषयीचा तुकोबांचा अभंग होता, 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. जे शब्द विरोधकही रोज देवळात म्हणत होते, तेच त्यांनी वर ठेवले. वाचकाला परक्या अंगणात नेलं नाही, त्याच्याच ओसरीवर बसून विचारलं.

आणि तो खटला! तळ्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल लागला. ही रूढी स्मरणापलीकडच्या काळापासून चालत आल्याचं सवर्णांना सिद्ध करता आलं नाही. 'पूर्वापार' या शब्दाला "म्हणजे कधीपासून?" असं विचारलं आणि तो शब्द टिकला नाही. कुठलंही लोकप्रिय मत हाती आलं की मी आधी हाच प्रश्न विचारते.

४. लेखाची सुरुवात कशी करू?

समोरच्याच्या बाजूने, आणि ती त्याच्यापेक्षा चांगली मांडून. एक उदाहरण देते.

लांज्याच्या एका मुलाने लेख आणला होता. पहिलं वाक्य: "चाकरमान्यांनी कोकण भकास केलं." ते गणपती-शिमग्याला येतात, बंद घरं उघडतात, गावाला शहाणपण शिकवतात आणि जातात. वाडीत हे कुणालाही पटेल. मी त्याला म्हटलं, लेख ठेव, आणि वाडीतून एक फेरी मारून ये. कुणाच्या घरावर कौलं कधी चढली आणि कुणाच्या पैशाने, एवढंच विचार.

तो आठवड्याने आला तो एक पत्र्याचा डबा घेऊन. त्याच्या आजीने मनीऑर्डरची कूपनं जपून ठेवली होती. पिवळी पडलेली, कडेला रक्कम, खाली दोन ओळी: "पेरणीला वापर." "बाबूच्या फीचे आहेत, मोडू नको." १९८२ च्या सुरुवातीपर्यंत कूपनं दर महिन्याची, मग एकदम विरळ. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. त्याचे आजोबा गिरणीत होते.

त्याने लेख पुन्हा लिहिला. सुरुवात डब्यापासून केली. बंद घराला कुलूप दिसतं तेव्हा चीड येते, ती रास्त आहे असं आधी कबूल केलं. मग म्हणाला, ही गावं शेतीवर जगत होती हाच आपला गैरसमज आहे. ती पगारावर जगत होती, आणि पगार थांबला तेव्हा उघडी पडली. मूळ मताच्या बरोबर विरुद्ध टोकाला तो गेला नाही. मताखालची जमीनच त्याने बदलली. असा लेख वाचून चाकरमानी आणि गाववाले दोघांचेही फोन आले.

५. मी स्वतः मुंबईत राहतो. गावाबद्दल लिहायचा मला हक्क आहे का?

आहे. फक्त कुठून बघताय ते पहिल्या परिच्छेदात सांगा. "मी विरारला राहतो, वर्षातून दोनदा येतो" एवढं वाक्य पुरे. ते लपवलंत आणि नंतर कळलं, की तुमचं बरोबर म्हणणंही वाया जातं.

६. आकडे आणि कागद कुठून आणायचे?

ग्रामपंचायतीपासून सुरू करा. ग्रामसभेचं इतिवृत्त, जमाखर्च, कामांची यादी मागता येते. मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा २००५. अर्जाला दहा रुपये शुल्क, उत्तराला साधारण ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत, म्हणून प्रश्न नेमका विचारा. "रस्त्याची सर्व माहिती द्यावी" असं लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. "अमुक रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी" असं लिहिणाऱ्याला बऱ्याचदा मिळते.

अहवालाबद्दल लिहिताय तर अहवाल वाचा, त्याच्यावरची भाषणं नव्हे. पश्चिम घाटाबद्दल माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लेखांत माधव गाडगीळ समितीचा २०११ चा आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा अहवाल एकमेकांत मिसळलेले असतात. "गाडगीळ अहवाल आला की घराला चिरासुद्धा लावता येणार नाही," ही भीती सर्वदूर आहे. मुळात त्या अहवालाने सीमा आणि नियम शेवटी ग्रामसभांशी बोलून ठरवा असं म्हटलं होतं. तुम्ही अहवालाच्या बाजूचे असा की विरुद्ध, ही ओळ वगळून लिहिलेला लेख अपुरा आहे.

७. प्रकल्पाबद्दल लिहायचं आहे. एक बाजू घ्यावीच लागते का?

घ्या, पण दोन्ही बाजूंच्या लाडक्या समजुती तपासून. राजापूर तालुक्यातला तेलशुद्धीकरण प्रकल्प घ्या. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा प्रस्ताव, आधी ठरलेल्या नाणारच्या जागेची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द, एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर (म्हणजे कातळाच्या माळावर) माती परीक्षण आणि त्याला विरोध. एका बाजूला "प्रकल्प आला की घरटी नोकरी", दुसऱ्या बाजूला "प्रकल्प आला की आंबा संपला". दोन्ही घोषणा म्हणून चालतील, लेख म्हणून नाहीत.

नोकरीचं म्हणणाऱ्याला विचारा: किती, कुठल्या शिक्षणाच्या, बांधकामापुरत्या की कायम? गुहागरच्या अंजनवेलजवळचा दाभोळ वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला. तिथे ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना भेटून या. आंबा संपेल म्हणणाऱ्यालाही विचारा: कशाने, किती अंतरावर, आणि आज बागेत मोहोर टिकत नाही त्याची कारणं कोणती?

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसराच समज. तो दोन्ही बाजूंच्या बोलण्यात सहज येतो: "सडा म्हणजे पडीक जमीन." हा शब्द कुठून आला बघा. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' अशी नोंद असते, म्हणजे लागवडीला योग्य नसलेलं क्षेत्र. महसुलाच्या हिशेबात शेतसारा येत नाही ती जमीन खराब. हळूहळू तो हिशेब आपल्या तोंडातला शब्द झाला.

आता जुलैत त्याच सड्यावर जा. कातळाच्या खोलगट भागात पाणी साठलेलं, कडेने निळी-पिवळी बारीक फुलं, गुरं सोडलेली, आणि खालच्या वाडीची विहीर याच कातळातून झिरपलेल्या पाण्यावर. पायाखाली कुणीतरी कातळात कोरलेले प्राणी. कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये समावेश झाला, त्यात बारसूही आहे. हे सगळं सांगून प्रकल्पाला थेट 'नको' म्हणावं असं माझं म्हणणं नाही. पण 'पडीक' हा शब्द आधीच मान्य केलात तर जमीन तिथेच स्वस्त झाली, वाद सुरू व्हायच्या आधी.

८. 'खरं कारण एकच आहे' असं ठणकावून लिहिलं तर लेख जास्त परिणाम करतो ना?

करतो, आणि म्हणूनच तो मोह टाळा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात कुणालाही विचारा, तो एकच कारण सांगायचा. कोणी कोळकेवाडीच्या पाण्याचं, कोणी वाशिष्ठीतल्या गाळाचं, कोणी भरतीचं, कोणी पूररेषेतल्या बांधकामांचं. प्रचंड पाऊस तर होताच. भिंतीवर डोक्यापर्यंत चिखलाची रेघ उमटलेल्या दुकानदाराला दोषी एकच हवा असतो, आणि ते मी समजू शकते.

लेखकाने मात्र ही कारणं एकमेकांना कुठे जोडलेली आहेत ते दाखवावं. कोयनेची वीज बनवून सोडलेलं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. नदीत गाळ असला की तेच पाणी जास्त उंचीवर जातं. भरती असली की खाली समुद्र ते घेत नाही. सगळ्यांचा थोडा थोडा दोष असं म्हणून सोडून देऊ नका. कुठलं कारण माणसाच्या हातातलं, आणि कुठल्या खात्याच्या, ते नाव घेऊन लिहा. गाळ काढण्यासाठी चिपळूणकर रस्त्यावर बसले ते याच हिशेबाने.

९. लोकांचं मतच बरोबर निघालं तर?

तर तसं लिहा. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणारा माणूस प्रामाणिक असतो.

एका शिक्षकांचा लेख आला होता: नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालणं ही अंधश्रद्धा आहे. भाषा छान होती. मी त्यांना लेखातला 'अंधश्रद्धा' हा शब्द तात्पुरता झाकून ठेवा म्हटलं. मग काय उरलं? खवळलेला समुद्र, अंडी घालणारी मासळी, आणि दोन महिने बंद असलेलं बंदर. सरकारचा पावसाळी मासेमारी बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा ठरला तोही याच कारणांसाठी. सोन्याचा नारळ वाहून दर्या शांत होतो की नाही हा वेगळा विषय. त्यांनी लेख मोडून नव्याने लिहिला आणि त्यात बंदी मोडणाऱ्या बोटींवर टीका केली. तो जास्त धारदार झाला, कारण आता तो बंदरावरच्या सगळ्यांच्या वतीने बोलत होता.

१०. मालवणीत किंवा आमच्या बोलीत लिहिलं तर चालेल?

संवादात जरूर. पूर्ण लेख बोलीत लिहायचा तर तो शेवटपर्यंत बोलीत ठेवा. 'अडाणी' माणसाच्या तोंडीच बोली आणि शहाण्याच्या तोंडी प्रमाणभाषा, असं मात्र मी छापत नाही.

११. गावकीच्या विरुद्ध लिहिलं तर वाळीत टाकतील. काय करू?

भीती खोटी नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा दापोली तालुक्यातल्या त्यांच्या मुरूडने त्यांना बाजूला टाकलं होतं. आजच्या काळातही रायगड-रत्नागिरीतून अशा तक्रारी येत राहिल्या. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि पाणवठा दारात. म्हणून माझा सल्ला असा: एकट्याने लिहू नका. आधी गावातली दोन-तीन घरं तरी बरोबर घ्या, लेख त्यांना वाचून दाखवा. पालखीच्या मानापानाबद्दल लिहायचं असेल तर देवाबद्दलची श्रद्धा आणि माणसांनी केलेली वाटणी यांत फरक करा. गाऱ्हाण्यात देवाला सगळ्यांचं भलं कर असंच सांगतात, मग अमक्याच्या दारात पालखी का थांबत नाही, असं विचारता येतं (प्रश्न ३ मधली ओसरी आठवा). जीवाला धोका असेल तर नाव न देता छापायची मुभा आम्ही देतो, मात्र लेखक कोण हे संपादकाला माहीत असतं.

१२. खटला होऊ शकतो का?

होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. "खरं आहे ना, मग काय?" एवढं पुरत नाही. फौजदारी बदनामीत म्हणणं खरंही हवं आणि ते प्रसिद्ध करणं लोकहिताचंही हवं. सरकारी माणसाच्या कामाबद्दल सद्भावनेने मत मांडायला कायद्यात जागा आहे. त्याच्या घरातल्या भांडणाबद्दल लिहायला नाही. म्हणून "सरपंच चोर आहे" असं लिहू नका. "या कामाचं बिल निघालं, काम जागेवर नाही, सरपंचांनी खुलासा करावा" असं लिहा, आणि कागद जवळ ठेवा.

फेसबुकवर लिहिणारे पालघरची गोष्ट विसरू नयेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एका तरुणीने पोस्ट लिहिली, दुसरीने ती आवडल्याची खूण केली, दोघींना अटक झाली. त्यातूनच श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं. समाजासमाजांत तेढ किंवा धार्मिक भावना दुखावण्याची कलमं मात्र अजून आहेत.

१३. माझ्या भावाची पर्ससीन (मोठं जाळं गोल टाकून मासळीचा थवाच पकडणारी) बोट आहे. मी मासेमारीच्या वादावर लिहू शकते?

हो, पण हे वाक्य लेखात हवं. आणि मग भावाला न आवडणारी निदान एक गोष्ट त्या लेखात असेल, तर वाचक बाकीचं ऐकून घेईल.

१४. छापून आल्यावर चूक कळली तर?

पुढच्याच अंकात, त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती. हे मी किंमत मोजून शिकले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. मी निर्बंधांच्या बाजूची, आजही आहे. तेव्हा मी लिहून गेले की या बोटींवर स्थानिक माणूस कामालाच नसतो. बंदरावर जो तो असंच म्हणत होता, म्हणून मी तपासलंच नाही. शनिवारी दुपारी एक बाई कार्यालयात आल्या. बाजार करून थेट आलेल्या, रिकामी पाटी दाराशी ठेवली, पदराला हात पुसले आणि कमरेच्या पिशवीतून हिशेबाची वही काढून टेबलावर उघडली. तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, अक्षरात त्यांच्या मुलाचं नाव, पुढे उचल, पुढे शिल्लक. "बाई, ह्यो कोण मग?" एवढंच विचारलं.

मी दुरुस्ती छापली. निर्बंध का हवेत हे माझं मत बदललं नाही, पण त्यानंतरच्या लेखात त्या खलाशांच्या पोटाचं काय, हा प्रश्न मी टाळू शकले नाही. तो आधीच यायला हवा होता.

१५. एवढं करून कुणाचं मत बदलतं का?

लगेच नाही. मुरूडच्याच कर्व्यांचा मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, बाईची इच्छा, यांतलं काहीही तेव्हा चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. प्राध्यापकाची नोकरी त्याआधीच गेली होती. मासिकावर खटले झाले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील होते, तरी हरले. अंक तोट्यात चालायचा. २६ वर्षं त्यांनी तो काढला, १९५३ मध्ये मृत्यूपर्यंत. त्याच्या आदल्या वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता.

१६. लिहिता लिहिता माझंच मत बदललं तर जुना लेख मागे घेऊ का?

छापायच्या आधी बदललं तर जरूर घ्या. छापल्यानंतर बदललं तर जुना लेख पुसू नका, नवा लिहा आणि कुठल्या गोष्टीने बदललं ते सांगा. गुहागरकडच्या एका मुलीने 'गावात राहून शेती करणं हा भाबडेपणा आहे' असा लेख दिला होता. दीड वर्षाने तिचं दुसरं पाकीट आलं. पहिल्या ओळीत जुन्या लेखाची तारीख होती, आणि सोबत तिच्या काकीच्या कोकमाच्या विक्रीचा वर्षाचा हिशेब, पावत्यांसकट. आम्ही दोन्ही लेख शेजारी शेजारी छापले.